गाडीवेडं पोर कसं घडतं?

१८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्टा बेंझ यांनी नवऱ्याला, म्हणजे मोटार बनवणाऱ्या कार्ल बेंझ यांना, न सांगता त्यांची तीनचाकी मोटार बाहेर काढली आणि ऑयगेन व रिचर्ड या दोन मुलांना घेऊन त्या जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाल्या. शंभर किलोमीटरहून लांबचा रस्ता. इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेनं मोकळी केली. इंधन संपत आलं तेव्हा वाटेतल्या औषधाच्या दुकानातून लिग्रॉईन हे पेट्रोलसारखं द्रावण घेतलं. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडं बसवून घेतलं. चढ आला की पोरं उतरून गाडी ढकलायची. या अनुभवानंतर कार्ल बेंझ यांनी चढासाठी आणखी एक गिअर दिला. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास म्हणून ही सफर गाजली, पण मला त्यात पोरांच्या वाट्याला आलेलं काम जास्त मोलाचं वाटतं.

कारण गाड्यांची आवड मुलांत उतरवायची म्हटलं की बहुतेक आईबाप माहितीचा मारा सुरू करतात. हॉर्सपॉवर किती, टॉप स्पीड किती. मुलाला त्याआधी वेगळंच काहीतरी कळत असतं. साधारण नऊ-दहा महिन्यांचं झालं की ते मोठ्यांच्या नजरेमागे नजर नेऊ लागतं, मग बोट दाखवतं आणि तुम्हीही तिकडेच बघताय ना, हे मान वळवून तपासतं. मानसशास्त्रज्ञ याला सामायिक अवधान म्हणतात. जाणाऱ्या ट्रककडे तुम्ही खरोखर थबकून बघत असाल, तर तो ट्रक मुलासाठी बघण्याजोगा ठरतो. उसना उत्साह फार दिवस टिकत नाही.

अर्थात सगळंच श्रेय आपण घेऊ नये. मानसशास्त्रज्ञ ज्युडी डीलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली अगदी लहान मुलांच्या अतितीव्र आवडींवर अभ्यास प्रसिद्ध केला. जवळपास एक-तृतीयांश मुलांना अशी एखादी झपाटून टाकणारी आवड होती आणि त्यांत वाहनांचा क्रमांक बराच वरचा होता. मुलग्यांमध्ये हे प्रमाण मुलींपेक्षा बरंच जास्त आढळलं. हा सरासरीचा हिशेब आहे. त्यावरून घरातल्या मुलीच्या हातातला पाना काढून घ्यायचं कारण नाही.

नुसता मागचा दिवा बघून मॉडेलचं नाव सांगणारी पोरं असतात. पाहुण्यांसमोर हा खेळ रंगतो, आणि तो निव्वळ घोकंपट्टीचा नसतो. इझाबेल गोथिए यांच्या गटानं २००० साली गाड्यांच्या जाणकारांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. चेहरे ओळखताना मेंदूचा जो भाग विशेष सक्रिय होतो, तो या मंडळींमध्ये गाड्या बघतानाही जास्त सक्रिय होत होता. तो भाग मुळात चेहऱ्यांसाठीच आहे की कुठल्याही सरावलेल्या बारकाव्यासाठी, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही. काहीही असो, बारकावे टिपायला नजर शिकते आणि त्यासाठी खूप गाड्या निवांतपणे बघाव्या लागतात.

ओळखीच्या पुढची पायरी म्हणजे ‘का?’ इथे एक खेळण्यातली गाडी पुरते. जिची दोन्ही मागची चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली आहेत, अशी गाडी घ्या आणि टेबलावर दाबून गोल वळवा. एक चाक फरफटतं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, पण दांडा दोघांनाही सारखंच फिरवतो. आता खऱ्या गाडीचा हिशेब करा. दोन चाकांमधलं अंतर दीड मीटर धरलं, तर एक पूर्ण गोल फेरी मारताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे ९.४ मीटर जास्त चालतं. गंमत अशी की वर्तुळ लहान घ्या की मोठं, हा फरक तेवढाच राहतो! म्हणून इंजिनाची ताकद चाकांकडे जाताना मध्ये डिफरन्शियल नावाची गिअरची जुळणी असते, जी दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देते. वर्तुळाचा परीघ शाळेत शिकण्याआधी पोरगं त्याचा उपयोग बघून बसतं.

बक्षिसांपासून मात्र जपून. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढण्याची मुळातच हौस असलेल्या बालवाडीतल्या काही मुलांना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल. पुढे मोकळ्या वेळात ही मुलं चित्रांकडे इतरांच्या निम्माच वेळ वळली. ज्यांना ते अचानक मिळालं, त्यांची हौस शाबूत राहिली. तेव्हा ‘गाडी धुतलीस तर चॉकलेट’ असा सौदा न केलेला बरा. त्यापेक्षा खरं काम द्या. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन थंड होऊ द्यायचं, डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, ओढायची, फडक्यानं पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालून काढायची आणि ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे का ते वाचायचं. सात-आठ वर्षांचं मूल तुमच्या देखरेखीखाली हे नीट करतं.

न ठरवताही बरंच काही उतरतं. आईवडिलांची गाडी चालवण्याची ढब आणि मुलांची ढब यांत साम्य असल्याचं संशोधनात दिसलं आहे. मागच्या सीटवरून सगळं दिसतं: तुम्ही पट्टा कधी लावता, पिवळ्या दिव्याला वेग वाढवता की कमी करता, पुढच्याला काय म्हणता.

इलेक्ट्रिक गाडीत डिपस्टिक नाही, स्पार्क प्लग नाही, मग मुलांना दाखवायचं काय, अशी जुन्या शौकिनांची तक्रार असते. ती मला पटत नाही. मोडक्या खेळण्यातली छोटी डीसी मोटर काढा, तिच्या दोन तारा मल्टिमीटरला, म्हणजे विजेचा दाब मोजणाऱ्या यंत्राला, जोडा आणि दांडा बोटांनी झटक्यात फिरवा. आकडा हलतो: मोटरचा जनरेटर झालेला असतो. उतारावर इलेक्ट्रिक गाडी वेग कमी करताना हेच घडतं. चाकं मोटरला फिरवतात आणि वीज बॅटरीत परत जाते. आता दांडा उलट्या दिशेनं फिरवायला सांगा, आकड्याआधी वजाचं चिन्ह येईल (आधीच असेल तर जाईल). असं का झालं, हे पोराला आधी सांगू नका.