नावात क्लिप नाही, पाय मात्र अडकतो: फ्लॅट आणि क्लिपलेस पेडल

माउंटन बाइकच्या पेडलांचा घोळ नावापासूनच सुरू होतो. ज्या पेडलात बूट ‘खट्’ करून अडकतो त्याला म्हणतात क्लिपलेस, म्हणजे क्लिप नसलेलं! याचं कारण जुनं आहे. पूर्वी रेसिंग सायकलींच्या पेडलांना पुढे धातूचा पिंजरा आणि चामड्याचा पट्टा असायचा. त्या पिंजऱ्याचं नाव टो-क्लिप. 1984 मध्ये फ्रान्सच्या लुक कंपनीने स्कीइंगच्या बुटांची कळ सायकलीच्या पेडलात आणली. 1985 ची टूर द फ्रान्स बर्नार्ड ईनोने त्याच पेडलांवर जिंकली आणि पिंजऱ्याचे दिवस भरले. टो-क्लिप गेली म्हणून ‘क्लिपलेस’. डोंगरासाठीचं क्लिपलेस पेडल, ज्याचं नाव एसपीडी, शिमानो कंपनीने 1990 मध्ये आणलं. त्याची दोन स्क्रूंची छोटी क्लीट, म्हणजे पेडलात अडकणारा धातूचा तुकडा, बुटाच्या तळव्यातल्या खोबणीत दडते, त्यामुळे खाली उतरल्यावर निदान चालता तरी येतं.

दुसरा घोळ फ्लॅटचा. नव्या सायकलीबरोबर प्लॅस्टिकची जी पेडलं फुकट येतात, तीही दिसायला सपाटच असतात. पण डोंगरात फ्लॅट म्हणतात ते तळहातापेक्षा रुंद पेडल असतं: साधारण 100 बाय 100 मिलिमीटर, मधे किंचित खोलगट आणि दोन्ही अंगांना आठ-दहा धातूच्या पिना. फुकटच्या पेडलावरून पाय घसरला की ‘फ्लॅट आपल्याला जमत नाही’ असं ठरवून लोक थेट क्लिपलेस घेतात. खरं फ्लॅट त्यांनी कधी पायाखाली घेतलेलंच नसतं.

शिकायचं असेल तर फ्लॅटवर शिकावं, असं आमचं ठाम मत आहे. पडण्याची भीती कमी होते हे त्याचं एक कारण, पण मुख्य कारण वेगळं आहे. क्लिपलेस तुमच्या चुका झाकतं. उतारावर दगड आला, टाच वर राहिली, वजन हँडलवर पडलं, तरी बूट अडकलेलाच असतो, त्यामुळे चूक झाली हे कळतही नाही. फ्लॅटवर त्याच दगडाला पाय पेडलावरून उडतो. पाय उडाला म्हणजे काहीतरी चुकलं, इतका सरळ हिशोब.

पाय का उडतो हे नीट समजून घ्यावं. चाक दगडाला धडकलं की सायकल मंदावते, शरीर मात्र पुढेच जात असतं. चवडा खाली झुकलेला असेल तर तो पुढचा जोर पायाला पेडलावरून पुढे सरकवतो. टाच खाली असेल तर तोच जोर तळवा पिनांत रुतवतो. म्हणून उतारावर दोन्ही क्रँक, म्हणजे पेडलं ज्यांना जोडलेली असतात त्या पट्ट्या, जमिनीला समांतर ठेवा, सीटवरून उठा, गुडघे-कोपरं वाकवा, टाचा खाली सोडा आणि हात हलके ठेवा. सगळं वजन पायांत. हात हलके आहेत का हे तपासायला सोप्या उतारावर क्षणभर बोटं सैल करून पाहा. छाती पुढे कोसळत असेल तर वजन अजून हँडलवर आहे.

पाय पेडलावर कुठे ठेवायचा, यातही दोन्हींत फरक आहे. क्लिपलेसमध्ये क्लीट साधारण चवड्याच्या हाडाखाली येते. फ्लॅटवर पेडलाच्या मधला दांडा या हाडाच्या थोडा मागे, तळव्याच्या मध्याकडे यावा. तसा ठेवला तर टाच खाली सोडताना पोटरी लवकर थकत नाही आणि धक्का घोट्यावर येत नाही. चांगल्या पिनांवर पाय ओढत सरकवता येत नाही. तो उचलून पुन्हा ठेवावा लागतो, आणि सुरुवातीला याचा वैताग येतो. तसा वैताग आला तर समजा पेडल आणि बूट दोन्ही बरोबर आहेत.

बुटांविषयी लोक हमखास चुकतात. आपल्याकडे पहिल्यांदा हात जातो तो ट्रेकिंगच्या बुटांकडे. त्यांच्या तळाला खोल खाचा असतात. पिना त्या खाचांत शिरतात आणि उरलेल्या उंचवट्यांवर पाय डुगडुगतो. धावण्याच्या बुटांचा तळ इतका मऊ की तो पेडलाभोवती वाकतो आणि तासाभरात तळवे ठणकायला लागतात. हवा तो सपाट, उथळ नक्षीचा, चिकट रबराचा आणि मधून थोडा ताठ तळ. या जातीच्या बुटांत नाव काढलेली फाइव्ह टेन कंपनी मुळात प्रस्तरारोहणाचे बूट बनवायची, यात सगळं आलं.

पेडल घेताना पिना कशा बसवल्या आहेत ते बघा. वरून अ‍ॅलन कीने (षटकोनी किल्लीने) फिरवायच्या पिनेचं तोंड दगडावर आपटून बुजतं, मग ती निघता निघत नाही. विरुद्ध बाजूने आत घातलेली पिन मोडली तरी मागून काढता येते. कडेच्या पिना सगळ्यात महत्त्वाच्या; त्यातल्या दोन गेल्या तरी पकड जाणवण्याइतकी उतरते. नायलॉनचं पेडल स्वस्त असतं आणि दगडावरून घसरून पुढे जातं, अ‍ॅल्युमिनियमचं पातळ असतं आणि जास्त टिकतं. शिकणाऱ्याला नायलॉन पुरतं.

बसवताना एकच लक्षात ठेवा: डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात. कोणतंही पेडल सायकलीच्या पुढच्या दिशेने फिरवलं की घट्ट होतं. आट्यांना ग्रीस लावा, आधी हाताने दोन-तीन फेरे द्या आणि मगच 15 मिमीचा पाना किंवा 6 अथवा 8 मिमीची अ‍ॅलन की घ्या. हाताने जात नसेल तर आटे तिरके बसलेत. जोर लावाल तर क्रँक बदलावा लागेल.

आता ज्या एका गोष्टीसाठी क्लिपलेसची बढाई मारली जाते ती: ‘पाय वर येतानाही ओढता येतं’. प्रत्यक्षात सलग पेडल मारताना बहुतेक जोर खाली दाबण्यातूनच येतो. मागचा पाय फार तर स्वतःचं ओझं उचलतो. क्लिपलेसचा खरा फायदा खडबडीत जागी वेगाने पेडल मारताना दिसतो, कारण पाय जागचा हलत नाही. म्हणूनच क्रॉस-कंट्रीच्या, म्हणजे चढ-उतारांच्या लांब शर्यतीत जवळपास सगळे क्लिपलेसवर असतात. पण फ्लॅट नवशिक्यांचं असा समज असेल तर सॅम हिल आठवावा. या ऑस्ट्रेलियन पठ्ठ्याने 2006, 2007 आणि 2010 ची डाउनहिलची, म्हणजे उताराच्या शर्यतीची, जागतिक विजेतेपदं फ्लॅटवर जिंकली आणि पुढे 2017, 2018, 2019 अशी सलग तीन वर्षं एन्ड्युरो वर्ल्ड सिरीज ही टप्प्याटप्प्यांच्या शर्यतींची मालिकाही.

सायकल उचलून दगड ओलांडणं, ज्याला बनी हॉप म्हणतात, ते मात्र क्लिपलेसवर शिकूच नये. तिथे दोन्ही पाय वर ओढले की सायकल येते आणि तीच सवय लागते. फ्लॅटवर ओढलं तर पाय एकटेच वर येतात. फ्लॅटवरची रीत अशी: आधी हात लांब करून ढुंगण मागे-खाली न्यायचं म्हणजे पुढचं चाक उठतं, मग कंबर हँडलकडे आणत उभं राहायचं, त्याच क्षणी चवडे खाली करून तळवे मागे-वर रेटायचे आणि हँडल पुढे ढकलायचं. पिनांत रुतलेला तळवा मागचं चाक उचलतो. आधी 5 सेंटिमीटरच्या काठीवरून, मग विटेवरून.

पडण्याकडे येऊ. पडणं दोन्हींत आहे, पण प्रकार वेगळे.

क्लिपलेसचं पडणं बहुतेकदा शून्य वेगात होतं. चढावर मुरमात मागचं चाक जागच्या जागी फिरतं, सायकल थांबते, पाय अडकलेले, आणि माणूस झाड कोसळावं तसा आडवा होतो. कूल्हा आणि कोपर सोलवटतं. कारण असं की घाबरलेला माणूस पाय वर किंवा मागे ओढतो, आणि क्लीट सुटते ती साधारणपणे टाच बाहेर वळवल्यावर. त्यामुळे सुरुवातीला पेडलावरचा ताणाचा स्क्रू (बहुधा 3 मिमी अ‍ॅलन कीचा) उणेच्या खुणेकडे जेवढा जाईल तेवढा सैल करा, दोन्ही पेडलांच्या चारही बाजूंना सारखे ‘क्लिक’ मोजून. शिमानोची काळी एसएच 51 क्लीट टाच वळवल्यावरच सुटते. चंदेरी एसएच 56 जास्त दिशांनी सुटते, म्हणून नवख्याला बरी. भिंतीला धरून प्रत्येक पायाने 50 वेळा सोडवा-अडकवा, मग गवतावर हळू चालत्या सायकलीवर. आणि सगळ्यात वाईट बिघाड: क्लीटचा एक स्क्रू सैल होऊन पडला तर टाच वळवल्यावर बूट फिरतो, क्लीट जागेवरच राहते. पाय सुटणारच नाही. 4 मिमी अ‍ॅलन कीने 5-6 न्यूटन-मीटरपर्यंत घट्ट करा आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासा.

फ्लॅटवर शून्य वेगात पडणारा सहसा पाय टेकवून वाचतो. त्याची किंमत नडगी चुकवते. पाय घसरला की पेडल गर्रकन फिरून पिना नडगीवर येतात. नडगीरक्षक पहिले दोन-तीन महिने तरी घालाच. सायकल ढकलत नेतानाही पिना पोटरीला लागतात, म्हणून जवळचं पेडल मागच्या बाजूला फिरवून ठेवा.

सह्याद्रीत आणखी एक मुद्दा आहे. इथे ढकलत नेण्याचं प्रमाण मोठं. घसाऱ्यावर, ओल्या कातळावर क्लीटचा धातू साबणासारखा सरकतो. पावसाळ्यात काळी माती क्लीटमध्ये भरली की काडीने कोरल्याशिवाय बूट अडकत नाही. फ्लॅटही चिखलाने निसरडं होतं, पण पाय आपटून झटकला की काम चालतं.

चढावर थांबणार असं वाटलं की पाय नेहमी डोंगराच्या बाजूला टेकवा. दरीकडच्या बाजूला जमीन अर्धा फूट खाली असते आणि पाय पोचेपर्यंत तोल गेलेला असतो. तीव्र उतारावर सायकल हाताबाहेर गेली तर फ्लॅटवर मागून उतरता येतं: सीट आधीच 5 ते 10 सेंटिमीटर खाली केलेली, ढुंगण मागच्या चाकावर, दोन्ही पाय सोडून मागे पळत उभं राहायचं, सायकल पुढे जाऊ द्यायची. मैदानावर चालण्याच्या वेगात हे वीसदा करा. डोंगरात विचार करायला वेळ मिळत नाही, हाताला-पायाला माहीत असेल तेच होतं.

हँडल सोडायचं की धरायचं? दोन्ही, पण वेगवेगळ्या वेळी. वळणावर चाक घसरून सायकल आडवी होत असेल तर हँडल धरूनच ठेवा आणि सायकलीबरोबर कुशीवर सरका. हात सुटला की तो आपोआप जमिनीकडे जातो. सायकल पुढून उलटत असेल तर मात्र सोडा, नाहीतर ती अंगावर येते. तेव्हाही ताठ हात टेकवू नका. ताठ हातावर पडलं की मनगट जातं, नाहीतर हासळी. कोपरं वाकलेली, हनुवटी छातीला, आणि खांद्यावरून तिरकी कोलांटी. जाड गवतावर गुडघ्यांवर बसून दोन्ही बाजूंनी दहा-दहा कोलांट्या मारून पाहा.

पडल्यावर लगेच उठून सायकलीवर बसू नका. डोकं आपटलं असेल, गरगरत असेल, मळमळत असेल किंवा काय झालं ते आठवत नसेल तर त्या दिवशी सायकल बंद, डॉक्टरकडे जा, आणि ते हेल्मेट बाद. अंगठ्याच्या बुडाशी मनगटावर जो खळगा असतो तो दाबल्यावर दुखत असेल तर मोडलेलं छोटं हाड पहिल्या एक्स-रेत दिसेलच असं नाही, दहा-चौदा दिवसांनी पुन्हा काढावा लागतो. तोवर ‘मुरगळलं असेल’ म्हणून चोळू नका. पिनांच्या जखमा लहान दिसतात पण खोल असतात. वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा. जखमेत माती गेली असेल आणि धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन घेऊन 5 वर्षं उलटली असतील तर पुन्हा घ्यावं लागतं.

मग सायकल. हँडल पुढच्या चाकाच्या काटकोनात आहे का, ब्रेक दाबले जातात का, डिस्क वाकून घासते का. उजव्या बाजूला पडली असेल तर मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे ती जिथे टांगलेली असते तो तुकडा, बघा; तो मुद्दाम मऊ धातूचा असतो आणि आत वाकतो. वरून सगळं ठीक दिसतं, पण चढावर सगळ्यात मोठ्या चाकीवर गिअर टाकला की डिरेलर आऱ्यांत शिरतो आणि सायकल जागच्या जागी ठप्प होते. म्हणून मागचं चाक उचलून हाताने पेडल फिरवत सगळे गिअर एकदा सावकाश बदलून पाहा. मोठ्या चाकीजवळ आऱ्यांना घासल्याचा आवाज आला तर तो गिअर न वापरता घर गाठा.