मुंबई योजना

भारताच्या आर्थिक विकासासाठी आठ उद्योगपती व अर्थव्यवहारातील जाणकारांनी १९४४ मध्ये मांडलेला पंधरा वर्षांचा आराखडा. ‘टाटा-बिर्ला योजना’ या नावानेही तो ओळखला जातो. सरकारने किती खर्च करावा, तो करांतून भागवावा, कर्जातून की नव्या चलनातून, आणि त्याची झळ कोणी सोसावी, यांवर देशातील राजकीय पक्षांत पुढे दीर्घकाळ वाद चालला. त्या वादाची सविस्तर आणि आकड्यांनिशी झालेली एक आरंभीची मांडणी या आराखड्यात व त्यावरील टीकेत आढळते. मुंबई शहराच्या रचनेसाठी एन. व्ही. मोडक व अल्बर्ट मेयर यांनी १९४८ मध्ये केलेल्या आराखड्याशी या योजनेचा संबंध नाही. नावातील साम्यामुळे कधीकधी गल्लत होते.

‘मुंबई योजना’ हे तिचे अधिकृत नाव नव्हते. मूळ शीर्षक भारताच्या आर्थिक विकासाची योजना अशा अर्थाचे होते. पुरुषोत्तमदास ठाकुरदास, जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, अर्देशिर दलाल, श्रीराम, कस्तुरभाई लालभाई, ए. डी. श्रॉफ आणि जॉन मथाई यांच्या त्यावर सह्या आहेत. यांपैकी बिर्ला कलकत्त्याचे, श्रीराम दिल्लीचे आणि लालभाई अहमदाबादचे. परंतु काम मुख्यतः मुंबईतून चालले आणि दलाल, श्रॉफ व मथाई हे टाटा समूहाशी निगडित होते, त्यामुळे शहराचे नाव योजनेला चिकटले. पहिला भाग जानेवारी १९४४ मध्ये निघाला. दुसरा भाग त्याच वर्षाच्या अखेरीस तयार झाला असावा. काही ठिकाणी त्याचे वर्ष १९४५ दिलेले आढळते, ते बहुधा दोन्ही भागांच्या एकत्रित आवृत्तीवरून आले असावे.

उगमाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. मंडळींच्या पहिल्या बैठका १९४२ च्या अखेरीस झाल्या, हे सर्वसाधारणपणे मान्य आहे. प्रश्न आहे तो हेतूचा. विवेक चिब्बर यांच्या मांडणीत ऑगस्ट १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनाचा जहालपणा पाहून भांडवलदार वर्ग धास्तावला आणि मालमत्तेवर घाला येण्याआधी सुधारणेची भाषा आपणच बोलावी, या विचाराने त्याने लेखणी हाती घेतली. आदित्य मुखर्जी यांच्या मते असा भेदरलेपणा गृहीत धरण्याचे कारण नाही. भारतीय भांडवलदारांचा स्वतःचा राष्ट्रीय विकासाचा कार्यक्रम कित्येक वर्षे आकार घेत होता. उपलब्ध घटनाक्रम दुसऱ्या मताकडे अधिक झुकतो. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी नियोजित अर्थव्यवस्थेचा पुरस्कार १९३४ मध्येच केला होता आणि त्याच वर्षी फिक्की या भारतीय व्यापारी-उद्योजकांच्या महासंघाच्या व्यासपीठावरूनही नियोजनाची मागणी झाली. काँग्रेसने १९३८ मध्ये नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती नेमली, तेव्हा ठाकुरदास व श्रॉफ तिचे सदस्य होते आणि समितीचे सचिव के. टी. शाह हे मुंबई विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्राध्यापक राहिले होते. १९४२ च्या धास्तीने कामाला वेग आला असेल. कल्पना तिच्यातून जन्मली असे म्हणता येत नाही. लेखनाचा मुख्य भार मथाईंनी उचलला असे बहुतेक अभ्यासक मानतात.

याहूनही मागचा एक धागा सहसा दुर्लक्षिला जातो. भारताच्या चलनाविषयी १९२५-२६ मध्ये नेमलेल्या हिल्टन यंग आयोगाने रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स ठेवण्याची शिफारस केली, तेव्हा सदस्य असलेल्या ठाकुरदासांनी भिन्नमतपत्रिका जोडून १ शिलिंग ४ पेन्स या दराचा आग्रह धरला. महाग रुपयाने भाव पडतात, गिरण्या व शेतकरी दोघेही खचतात, असा मुंबईच्या बाजाराचा युक्तिवाद होता. १९२७ च्या कायद्याने सरकारचाच दर कायम केला. चलन सैल ठेवून उत्पादनाला चालना द्यावी, हा विचार मुंबईच्या व्यापारी वर्तुळात ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्सच्या १९३६ च्या ग्रंथाआधीच मुरलेला होता तो असा. त्याला उत्तरही आधीच आलेले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावरील १९२३ च्या प्रबंधात दाखवले की, स्वस्त रुपयाचा लाभ देशाला बाहेरून मिळत नसतो. तो देशातल्याच एका वर्गाच्या पदरातून दुसऱ्या वर्गाच्या पदरात पडतो. मुंबई योजनेवरील पुढची निम्मी टीका या एका मुद्द्याचाच विस्तार आहे.

योजनेचे उद्दिष्ट पंधरा वर्षांत दरडोई उत्पन्न दुप्पट करण्याचे होते. लोकसंख्या दरवर्षी सुमारे ५० लाखांनी वाढेल असे धरल्याने त्यासाठी राष्ट्रीय उत्पन्न तिप्पट करावे लागणार होते. किमान राहणीमानाच्या हिशेबात माणशी ३० वार कापड व १०० चौरस फूट निवारा धरला होता. एकूण खर्च १०,००० कोटी रुपये. तो पाच-पाच वर्षांच्या तीन टप्प्यांत अनुक्रमे १,४००, २,९०० आणि ५,७०० कोटी असा चढत जाणार होता. त्यातून उद्योगांना ४,४८०, घरबांधणीला २,२००, शेतीला १,२४०, दळणवळणाला ९४०, शिक्षणाला ४९०, आरोग्याला ४५० आणि इतर बाबींना २०० कोटी मिळायचे होते. सर्व आकडे युद्धपूर्व किमतींचे आहेत. १९४४ च्या बाजारभावाने तेच काम कितीतरी महाग पडले असते. योजना वाचताना ही गोष्ट वारंवार निसटते.

योजनेचा गाभा मात्र खर्चापेक्षा जमेच्या बाजूस आहे. बाहेरून मिळणारे भांडवल २,६०० कोटींचे धरले होते : साठवलेल्या सोन्यातून ३००, लंडनमध्ये जमलेल्या स्टर्लिंग शिलकीतून १,०००, व्यापाराच्या आधिक्यातून ६०० आणि परकीय कर्जातून ७०० कोटी. देशातल्या बचतीतून ४,००० कोटी. उरलेले ३,४०० कोटी ‘निर्मित पैशा’तून, म्हणजे सरकारने स्वतःचे रोखे तारण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून घेतलेल्या नव्या चलनातून यायचे होते. एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा छापील पैशावर सोपवणारा दस्तऐवज देशातल्या सर्वांत मोठ्या कारखानदारांनी सहीनिशी प्रसिद्ध करावा, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. ज्यांना सरकारी उधळपट्टीचे स्वाभाविक विरोधक समजले जाते, त्यांनीच हा रकाना लिहिला.

या पैशाने भाव वाढतील हे योजनाकारांनी लपवलेले नाही. नवे चलन आज लोकांच्या हाती पडते. धरण, पोलादाचा कारखाना किंवा रेल्वेमार्ग यांतून माल यायला वर्षे लागतात. मधल्या काळात पैसा जास्त आणि माल कमी अशी फट राहते. ती ताब्यात ठेवण्यासाठी किंमत, वाटप, गुंतवणूक, परकीय चलन आणि मजुरी या सर्वांवर कडक सरकारी नियंत्रण लागेल, आणि त्या काळापुरता व्यक्तिस्वातंत्र्याला व उद्योगस्वातंत्र्याला संकोच सोसावा लागेल, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. पुढे उत्पादन वाढले की भाव आपोआप उतरतील, असा त्यांचा भरवसा होता.

येथे केन्सप्रणीत ‘चालना’ आणि ही योजना यांतील फरक ध्यानात घेतला पाहिजे. केन्ससमोर मंदीतले इंग्लंड होते : यंत्रे बंद, कामगार रिकामे, गोदामे भरलेली. तेथे सरकारी खर्चाने मागणी वाढली की बंद यंत्रे फिरू लागतात. १९४४ ची मुंबई अगदी उलट स्थितीत होती. युद्धाच्या मागणीमुळे गिरण्या रात्रपाळीतही चालत होत्या. रिकामे होते ते खेड्यातले हात, आणि त्यांना द्यायला यंत्रे नव्हती. अर्थशास्त्रज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९५२ मध्ये हाच मुद्दा सैद्धांतिक रूपात मांडला : पुरवठा लवचीक नसलेल्या देशात वाढीव खर्चाचा गुणक, म्हणजे त्यातून उत्पन्नात होणारी पटीतली वाढ, उत्पादनापेक्षा भाववाढीतच जास्त उतरतो.

शिवाय वेळ नाजूक होती. युद्धकाळात ब्रिटन भारतात माल खरेदी करी, त्याची किंमत लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपात जमा होई, आणि त्या जमेच्या आधारावर भारतात नोटा काढल्या जात. नोटांचा फुगवटा, बंगालचा १९४३ चा दुष्काळ आणि मुंबईत मे १९४३ मध्ये सुरू झालेले धान्याचे रेशनिंग हे सारे ताजे असताना योजना प्रसिद्ध झाली. पाण्यासारखा पैसा म्हणजे काय हे गिरणगावातल्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागणार नव्हते. तो रेशनच्या दुकानासमोर रांगेत उभा होता. मुंबईच्या गिरणी कामगारांनी १९४० मध्ये महागाई भत्त्यासाठी सार्वत्रिक संप केला होता. राहणीखर्चाच्या निर्देशांकाशी जोडलेला भत्ता त्यांच्या हाती आला तो युद्धकाळातच. तुटीच्या अर्थभरण्यावरील, म्हणजे सरकारी खर्चातली तूट नव्या चलनाने भरून काढण्यावरील, वादात या भत्त्याला अर्थशास्त्रज्ञ सहसा तळटीपेइतकी जागा देतात. तो अन्याय आहे, कारण निर्मित पैशाची किंमत कोणी मोजायची, या प्रश्नावर प्रत्यक्ष वाटाघाट झाली ती याच भत्त्याच्या रूपाने. ज्यांना भत्ता नव्हता त्या शेतमजुरांची, घरकामगारांची आणि किरकोळ कारागिरांची बाजू मांडायला कोणीही टेबलाशी नव्हते.

योजना निघाली तेव्हा नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यात आणि गांधीजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध होते, त्यामुळे काँग्रेसची पक्ष म्हणून भूमिका त्या वेळी आली नाही. पर्यायी आराखडे मात्र त्याच वर्षी पुढे आले. एम. एन. रॉय यांच्या प्रेरणेने इंडियन फेडरेशन ऑफ लेबर या कामगार संघटनेने ‘जनता योजना’ मांडली. ती रचणाऱ्यांत वि. म. तारकुंडे व गोवर्धन पारीख होते. दहा वर्षांत १५,००० कोटी खर्च करणारी ही योजना रकमेने मुंबई योजनेहून मोठी होती, पण तिचा भर शेतीवर व उपभोग्य वस्तूंवर होता, आणि निर्मित पैशाऐवजी वाढत्या उत्पन्नाच्या पुनर्गुंतवणुकीवर तिची भिस्त होती. श्रीमन्नारायण अग्रवाल यांच्या ‘गांधी योजने’त खर्च केवळ ३,५०० कोटींचा होता आणि केंद्रस्थानी खेडे होते. विल्सन महाविद्यालयाचे पी. ए. वाडिया आणि के. टी. मर्चंट यांनी समाजवादी भूमिकेतून मुंबई योजनेची चिकित्सा केली. अखंड भारताचे बलवान केंद्र सरकार योजनेने गृहीत धरले होते. मुस्लिम लीगने १९४४ मध्येच स्वतःची नियोजन समिती नेमली, हे त्या संदर्भात पाहावे लागते. आंबेडकरांनी १९४७ च्या निवेदनात मूलभूत उद्योग व शेती राज्याच्या मालकीची असावी अशी तरतूद थेट घटनेत मागितली. मुंबई योजनेच्या दुसऱ्या भागात राज्याची मालकी नव्हे तर नियंत्रण महत्त्वाचे मानले होते; दोन्हींतील अंतर येथे सर्वांत स्पष्ट दिसते.

सरकारने दलाल यांना १९४४ मध्येच व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात नियोजन व विकास खाते दिले. योजना आहे तशी कधी राबवली गेली नाही. पहिल्या पंचवार्षिक योजनेने (१९५१) तिच्यातून किती उचलले याविषयी मतभेद आहेत. पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांच्या कल्पनेत साम्य दिसते, पण २,०६९ कोटींची ती योजना शेती व सिंचनावर भर देणारी, आकाराने लहान व पैशाबाबत सावध होती. मथाई अर्थमंत्री झाले आणि नियोजन आयोगाच्या अधिकारांवरून मतभेद होऊन १९५० मध्ये पायउतार झाले.

खरा वाद दुसऱ्या पंचवार्षिक योजनेवेळी पेटला. ४,८०० कोटींच्या त्या योजनेत १,२०० कोटी तुटीच्या अर्थभरण्यातून उभे करायचे होते. अर्थतज्ज्ञांच्या मंडळातील बी. आर. शेणॉय यांनी १९५५ मध्ये एकट्याने भिन्नमत नोंदवले. मुंबईत अर्थशास्त्रज्ञ सी. एन. वकील व पी. आर. ब्रह्मानंद यांनी वेगळ्या बाजूने हरकत घेतली : धान्य, कापड यांसारख्या मजुरीच्या वस्तू पुरेशा नसतील तर यंत्रांवर कितीही पैसा ओतला तरी रोजगार वाढत नाही. या विरोधकांपैकी वकील-ब्रह्मानंद यांचाच युक्तिवाद मजुराच्या ताटापासून सुरू होतो, आणि म्हणून तो अधिक टिकाऊ वाटतो. १९५६ मध्ये ए. डी. श्रॉफ यांनी मुंबईत मुक्त उद्योगाचा पुरस्कार करणारा फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज स्थापन केला आणि वाढत्या सरकारी खर्चावर सातत्याने टीका केली. ३,४०० कोटींच्या रकान्याखाली त्यांची सही होती. काहींना ही कोलांटउडी वाटते. काहींच्या मते १९४४ मध्ये नियंत्रणे तात्पुरती म्हणून मान्य केली होती, ती कायमची होताना दिसल्यावर विरोध झाला. दुसरे स्पष्टीकरण नियंत्रणांबाबत पटते, निर्मित पैशाबाबत पुरेसे पडत नाही. याच फोरमशी जोडलेली कायदेतज्ज्ञ नानी पालखीवालांची अर्थसंकल्पावरील वार्षिक व्याख्याने १९५८ मध्ये अपोलो बंदरच्या ग्रीन्स हॉटेलातून सुरू झाली आणि वाढत्या गर्दीमुळे ब्रेबॉर्न स्टेडियमपर्यंत पोहोचली. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्वतंत्र’ नावाच्या पक्षाने तुटीच्या विरोधाला संसदेत आवाज दिला.

निर्मित पैशाची वाट पुढे तात्पुरत्या कोषागार हुंड्यांच्या रूपाने रुळली : केंद्राला पैसा कमी पडला की रिझर्व्ह बँकेच्या नावे हुंडी काढायची. १९९४ च्या करारानुसार ही पद्धत १९९७ मध्ये बंद झाली. वित्तीय जबाबदारीच्या २००३ च्या कायद्यान्वये २००६ पासून सरकारचे रोखे थेट सरकारकडून विकत घेण्यासही रिझर्व्ह बँकेला अपवादात्मक परिस्थिती वगळता मनाई झाली. २०२० मध्ये महासाथीच्या काळात केंद्राने २० लाख कोटींचे साहाय्य जाहीर केले. त्यात प्रत्यक्ष खर्च किती आणि कर्जहमी किती यावर सत्ताधारी व विरोधक भांडले, आणि अपवादाची तरतूद वापरून रिझर्व्ह बँकेकडून थेट पैसा घ्यावा अशी सूचना काही अर्थतज्ज्ञांनी केली. ती स्वीकारली गेली नाही.