चौथ्या सीटवरचं अंतर

वांद्रे-कुर्ला संकुलात किंवा अंधेरीत परदेशी ग्राहकांशी बोलण्यासाठी नवी माणसं तयार करतात, तेव्हा प्रशिक्षणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या स्लाइडवर एक चित्र हमखास येतं. मधोमध एक माणूस आणि त्याच्याभोवती चार वर्तुळं. दीड फुटापर्यंतची जागा जिवलगांची, दीड ते चार फूट ओळखीपाळखीची, चार ते बारा फूट कामकाजाची आणि त्यापुढची जाहीर सभेची. समोर बसलेली मंडळी तासाभरापूर्वी फास्ट लोकलमधून कुणाच्या तरी काखेखाली डोकं घालून आलेली असतात. ती हे चित्र मुकाट्याने वहीत उतरवून घेतात.

चित्र एडवर्ड हॉल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाचं. 1914 साली जन्मलेल्या हॉलने तरुणपणी नावाहो आणि होपी या मूळनिवासी लोकांमध्ये काम केलं. पण त्याच्या विचाराला आकार आला तो 1950 ते 55 या काळात, अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेत. परदेशी पाठवायच्या अधिकाऱ्यांना भाषा, व्याकरण सगळं शिकवलं जाई, तरी तिथे गेल्यावर त्यांचं बिनसायचं. समोरचा एक पाऊल पुढे आला की हे एक पाऊल मागे, आणि दोघांच्याही मनात अढी. हॉलने 1959 च्या पुस्तकात हा न बोललेल्या भाषेचा विषय मांडला, आणि 1966 च्या पुस्तकात वर मोजलेली चार अंतरं दिली. या अभ्यासाला त्याने ‘प्रॉक्सेमिक्स’ असं नाव दिलं. मूळ कल्पना प्राण्यांकडून आली होती: माणूस किती जवळ आला की प्राणी पळ काढतो, याची निरीक्षणं हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने आधीच करून ठेवली होती.

म्हणजे चित्र जन्मलं तेच परदेशी माणसाशी व्यवहार करणाऱ्या साहेबासाठी. त्यामुळे आजच्या प्रशिक्षणवर्गात ते शोभून दिसतं. फक्त स्लाइड बनवणारे हॉलची एक ओळ गाळतात. ही मापं मुख्यतः अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या धडधाकट, मध्यमवर्गीय प्रौढांची आहेत, ती सगळ्या मानवजातीला लावू नका, असं त्याने स्वतःच बजावलं होतं. (पुढच्याच स्लाइडवर ‘संवाद 93 टक्के देहबोलीतून होतो’ हे वाक्य असतं. त्याची तर आणखी वाईट गत. ज्यांतून हा आकडा निघाला ते मानसशास्त्रज्ञ मेहराबियनचे 1967 चे मूळ प्रयोग सुटे शब्द ऐकून बोलणाऱ्याची आवड-नावड ओळखण्यापुरतेच होते.)

हॉलनंतर जगाची वाटणी झाली: अरब आणि लॅटिन अमेरिकी लोक जवळ येणारे, उत्तर युरोपातले लांब राहणारे. 2017 साली 42 देशांतल्या जवळजवळ नऊ हजार लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ही वाटणी विस्कटली. अनोळखी माणसाला सर्वांत जवळ येऊ देणारे अर्जेंटिनाचे निघाले आणि सर्वांत लांब ठेवणारे रोमानियाचे. सौदी अरेबियाही लांब ठेवणाऱ्यांतच सापडला.

आपल्याकडे अंतराचा हिशेब हॉलच्या कितीतरी आधीपासून मांडलेला होता, आणि तो साधा ‘संस्कृतीचा फरक’ नव्हता. कुणी कुणापासून किती लांब उभं राहायचं हे जात ठरवायची. पेशव्यांच्या राज्यात सवर्ण येत असला तर अस्पृश्याची सावलीही अंगावर पडू नये म्हणून त्याला रस्ता बंद असे. 1936 साली छापलेल्या, पण सभेत कधीच न झालेल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी हे नोंदवलं आहे. मुंबईत आल्यावर हा नियम सैल झाला असं मोठ्या हौसेने सांगितलं जातं. झालाही, पण सगळीकडे नाही. गिरणीत विणाई खात्यातलं काम जास्त पगाराचं. तिथे सुताची कांडी बदलली की धोट्याच्या, म्हणजे मागावर आडवं सूत नेणाऱ्या साधनाच्या, भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे. एकाच धोट्याला अनेकांची तोंडं लागणार, म्हणून सवर्ण कामगार दलितांना त्या खात्यात येऊ देत नसत. 1928 च्या गिरणी संपात आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. ट्राममध्ये खांद्याला खांदा चालत होता, धोट्यावर ओठ मात्र चालत नव्हता. ‘आमच्याकडे लोक जवळ जवळ उभे राहतात’ हे वाक्य मला म्हणूनच अपुरं वाटतं.

दुसरा हिशेब चौरस फुटांचा. 1896 ला प्लेग आला, 1898 ला शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि 1920 च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी उभ्या राहिल्या. खोली 160 चौरस फुटांची. अशी खोली चौकोनी धरली तर तिची बाजू साडेबारा फुटांच्या आसपास येते. हॉलची ‘जाहीर’ जागा बारा फुटांपुढे सुरू होते, म्हणजे त्याची आतली तिन्ही वर्तुळं या एका खोलीत उरकायची. त्यातच मोरी, त्यातच चूल, त्यातच नवं लग्न झालेला मुलगा. अशा घरात भिंतीचं काम नजर करते. कपडे बदलताना सगळे दाराकडे तोंड करतात, भांडण झालं की माणूस गॅलरीत जाऊन उभा राहतो, आणि तो उभा असताना त्याच्याशी कुणी बोलत नाही. पाहून न पाहिल्यासारखं करणं, याला गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने 1963 साली भारदस्त इंग्रजी नाव दिलं. मराठीत ‘कानाडोळा’ आधीपासून होता, आणि त्यात कानही ऐकू येतो, जो चाळीत डोळ्यापेक्षा जास्त लागतो.

रेल्वेने हीच गोष्ट अनोळखी माणसांत नेली. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे ही 34 किलोमीटरची गाडी धावली. बस, ट्राम आणि रेल्वे येण्याआधी माणसांवर एकमेकांकडे तासन्‌तास न बोलता पाहत बसण्याची वेळच आली नव्हती, असं जर्मन समाजशास्त्रज्ञ सिमेलने 1908 मध्ये लिहिलं. तो डब्यात बसलेल्यांबद्दल बोलत होता. आपल्या गर्दीच्या लोकलमध्ये दर चौरस मीटरला 14 ते 16 माणसं उभी असतात, आणि रेल्वेच्या परिभाषेत त्याला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणतात. चौरस मीटरचा सोळावा भाग म्हणजे बरोबर ए-फोर आकाराचा एक कागद. तेवढ्यात दोन पाय, एक डबा आणि पोटावर घेतलेली बॅग.

या कागदावर उभं राहूनही अंतर राखलं जातं, इंचांनी नव्हे तर खुणांनी. छातीला छाती कुणी लावत नाही, पाठ किंवा खांदा देतात. नजर मोबाइलवर नाहीतर पंख्यावर. बसलेलीच्या समोर उभं राहून नुसती हनुवटी उचलली की प्रश्न पोचतो: कुठे उतरणार? ती दोन बोटं हलवून ‘दोन स्टेशनं’ सांगते आणि सीट ठरते. तीन जणींच्या बाकावर चौथीने नुसतं उभं राहून पाहिलं तरी तिघी सरकतात, अर्धी बैठक का होईना मिळते. न्यूयॉर्कमध्ये 1970 च्या दशकात मानसशास्त्रज्ञ मिलग्रमच्या विद्यार्थ्यांनी भुयारी रेल्वेत कारण न देता सीट मागून पाहिली. बहुतेकांनी दिली, पण मागणाऱ्यांना ते फार अवघड गेलं. खुद्द मिलग्रमचे शब्द घशातच अडकले. आमच्या लेडीज डब्यात त्याची फजिती झाली असती. इथे मागताना कुणी लाजत नाही. सीटसाठी आधी ठरलेला नंबर तोडला तर मात्र डबाभर ऐकावं लागतं.

लेडीज डब्याचा उल्लेख निघालाच आहे तर: बाईच्या अंगाभोवतीचं अंतर या शहराने खुणांवर सोडलं नाही, त्यासाठी लोखंडी पत्रा घातला. 5 मे 1992 ला चर्चगेट-बोरिवली ही पूर्ण लेडीज स्पेशल आली. जनरल डब्यात कोपर बाहेर काढून उभं राहायची सवय तरीही सुटत नाही.

हातवाऱ्यांतही इतिहास साचलेला असतो. अंगठा दाखवणे म्हणजे ठेंगा, साफ नकार. आता आईला मुलगा व्हॉट्सअपवर तोच उभा अंगठा पाठवतो आणि तिला तो होकार म्हणून चालवून घ्यावा लागतो. माझ्या आत्याला अजून चालत नाही.

2020 च्या मार्चमध्ये लोकल थांबली. वाण्याच्या दुकानापुढे चुन्याची वर्तुळं उमटली, आणि हॉलचं चित्र पहिल्यांदाच मुंबईच्या रस्त्यावर उतरलं, फक्त प्रत्येक वर्तुळात एकेकटा माणूस. जूनमध्ये अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी गाड्या सुरू झाल्या तेव्हा 1,200 बसणाऱ्यांच्या गाडीत 700 च नेण्याचं ठरलं. 1 फेब्रुवारी 2021 ला ठरावीक वेळांत सगळ्यांना प्रवेश मिळाला. पहिल्या आठवड्यात आम्ही बाकावर अवघडून, बॅगा मध्ये ठेवून बसत होतो. मग एका संध्याकाळी घाटकोपरला एक बाई चढली, आमच्या तिघींसमोर उभी राहिली आणि काही बोलली नाही. आम्ही बॅगा मांडीवर घेतल्या.