तोंड न वळवता आडवा चालणारा रोबो

आमच्या कॉलेजच्या प्रदर्शनात परवा एका पाहुण्यांनी दुसऱ्या वर्षाच्या मुलीला विचारलं, "यात एआय आहे का?" ती म्हणाली, "नाही, काका." काका पुढच्या टेबलाकडे गेले. मला फार वाईट वाटलं. त्याच वेळी तिचा रोबो तोंड समोर ठेवूनच डावीकडे सरकत होता. पाच मिनिटं थांबले असते तर त्यांना यंत्रशास्त्रातली एक अतिशय सुंदर गोष्ट पाहायला मिळाली असती.

आमची मुलं रोबोकॉनसाठी रोबो बनवतात. आशिया-पॅसिफिकमधल्या कॉलेजांची ही स्पर्धा २००२ मध्ये टोकियोत सुरू झाली. दर वर्षी यजमान देश खेळ ठरवतो. २००८ मध्ये ती पुण्यात झाली तेव्हा खेळ दहीहंडीवर बेतला होता, आणि २०२२ मध्ये दिल्लीचा खेळ होता चक्क लगोरी! लगोरीत काय लागतं ते आपल्याला ठाऊकच आहे: चटकन बाजूला सरकणं. मोटारगाडीला ते जमत नाही. तिला आधी वळावं लागतं.

इथे ओम्नी चाक कामाला येतं. त्याच्या घेरावर छोटे छोटे रूळ, म्हणजे रोलर, बसवलेले असतात. चाक ज्या दिशेने फिरतं त्या दिशेला ते जमिनीला धरतं. आसाच्या दिशेला मात्र रूळ फिरतात आणि चाक मोकळेपणाने घरंगळतं. अशी चार चाकं चौकोनी सांगाड्याच्या कोपऱ्यांवर ४५ अंशांत बसवायची, प्रत्येकाचा आस मध्याकडे. आता पुढचं डावं चाक रोबोला पुढे-उजवीकडे ढकलतं, पुढचं उजवं चाक पुढे-डावीकडे. आडवे जोर एकमेकांना मारतात, पुढचा जोर उरतो. मागच्या जोडीचंही तसंच. आता एका कर्णावरची दोन चाकं उलटी फिरवा. या वेळी पुढचे-मागचे जोर मरतात आणि रोबो आडवा निघतो. चारही चाकं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ढकलू लागली, तर तो जागच्या जागी गिरकी घेतो.

गणित दहावीच्या त्रिकोणमितीचंच आहे. रोबोला सेकंदाला २ मीटर पुढे न्यायचं असेल, तर चाकाच्या कडेचा वेग २ × cos ४५°, म्हणजे १.४१ मीटरच लागतो. १० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाला ते मिनिटाला साधारण २७० फेरे. म्हणजे रोबो स्वतःच्या चाकांपेक्षा जास्त वेगाने पळतो! उरलेली वाटचाल रूळ करतात. सरकणं आणि गिरकी एकत्र हवी असेल, तर प्रत्येक चाकासाठी दोन्हींचे वेग फक्त बेरजेने जोडायचे. मी हे पहिल्यांदा वहीत मांडलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

पण वहीतली चाकं जमिनीला टेकलेलीच असतात, खरी टेकतातच असं नाही. तीन पायांचं स्टूल कधी डुगडुगत नाही, चार पायांचं डुगडुगतं. आमच्या एका सांगाड्याला ॲल्युमिनियमचे चौकोनी पाइप टिग वेल्डिंगने, म्हणजे विजेच्या ठिणगीने वितळवून, जोडले होते. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. जोड थंड होताना आकसला आणि एक कोपरा जेमतेम २ मिलिमीटर उचलला गेला. रोबो सरळ जाताना तिरका पळू लागला. मुलं दोन दिवस प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसली. शेवटी एकीने चारही चाकांखाली वहीच्या पानाच्या पट्ट्या सरकवल्या. तीन अडकल्या, चौथी सहज बाहेर आली. जोड कापून आम्ही तो सांगाडा सपाट फरशीवर ठेवून रिव्हेटने पुन्हा बांधला.

रात्री उत्तम चाललेला रोबो सकाळी बिघडला की कुणीतरी म्हणतंच, "नजर लागली", आणि लिंबू-मिरची येते. ती बांधून काही होत नाही. सहा सेलची लिथियम बॅटरी पूर्ण भरलेली असताना २५.२ व्होल्ट देते, वापरता वापरता २२ च्या आसपास येते. मोटारींना तोच हुकूम देऊनही वेग कमी पडतो. म्हणून प्रत्येक मोटारीवर एन्कोडर हवा. चाक खरंच किती फिरलं ते तो मोजतो आणि कमी पडलं तेवढं कंट्रोलर भरून काढतो. बिघडण्याचं दुसरं कारण त्याहून साधं आहे. रुळांच्या फटींत ड्रिलिंगचा कीस आणि केस अडकतात, एखादा रूळ फिरेनासा होतो, आणि मोकळं घरंगळायचं ते चाक ब्रेकसारखं घासत जातं. आमच्या टूलबॉक्समध्ये स्पॅनरशेजारी आता एक चिमटा आणि जुन्या सुती साडीचा तुकडा असतो. प्रत्येक फेरीआधी चारही चाकांचे सगळे रूळ बोटाने फिरवून बघायचे, हे काम पहिल्या वर्षाच्या मुलांकडे आहे.