क्रीडा शिबिरात छळ झाला तर: समितीकडची तक्रार नेमकी कुठे अडते

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांमधून दरवर्षी मुली कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या संघांत निवडल्या जातात. शिबिरात राहतात, रात्रीच्या गाडीने परराज्यात खेळायला जातात. या सगळ्यात प्रशिक्षकाने, संघ व्यवस्थापकाने किंवा बरोबरच्या खेळाडूने छळ केला, तर दाद मागण्याची रीतसर वाट आहे. तरीही तक्रारी परत येतात, आणि बऱ्याचदा मजकूर वाचायच्या आधीच. अर्ज भलत्याच टेबलावर गेला, तारीख लिहिली नाही, मुदत टळली, ‘प्रशिक्षक आमचा कर्मचारीच नाही’ असं उत्तर मिळालं. मुलीने धीर एकवटून लिहिलेला कागद अशा कारणांवर परत जाताना पाहून राग येतो. म्हणून ही माहिती, आणि तीही जिथे गाडं अडतं तिथेच जास्त.

आधार दोन. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम, जे २ मे २०१६ रोजी अधिसूचित झाले. प्रत्येक महाविद्यालयात आणि विद्यापीठात अंतर्गत तक्रार समिती असणं या दोन्हींमुळे बंधनकारक आहे.

‘घटना कॉलेजमध्ये घडली नाही’ हे नाकारण्याचं सगळ्यात आवडतं कारण, आणि ते साफ चुकीचं आहे. कायद्यातल्या ‘कामाचे ठिकाण’ या व्याख्येत क्रीडा संस्था, स्टेडियम, क्रीडा संकुल आणि स्पर्धेची जागा स्पष्ट लिहिलेली आहे, निवासी असो वा नसो. आयोगाच्या नियमांत ‘परिसर’ म्हणजे शिबिरं, सहली, क्रीडा स्पर्धा आणि संस्थेने दिलेलं वाहनही. म्हणजे परराज्यातल्या विद्यापीठाचं वसतिगृह असो की स्पर्धेला नेणारी बस, विद्यार्थिनी म्हणून गेलात तिथे तुमची समिती तुमच्याबरोबर आहे. तक्रारीत हे एका वाक्यात लिहूनच टाका: ‘ही घटना विद्यापीठाच्या संघाची खेळाडू म्हणून स्पर्धेला गेले असताना घडली.’

दुसरं कारण मानधनाचं. आपल्याकडे बरेच प्रशिक्षक हंगामापुरते येतात, कुणी मानधनावर, कुणी माजी खेळाडू म्हणून फुकट. कायद्यातल्या कर्मचाऱ्याच्या व्याख्येत हंगामी, रोजंदारीवरचा, कंत्राटदारामार्फत आलेला आणि विनामोबदला काम करणारा, सगळे येतात. संस्थेशी काहीच नातं नसलेल्या बाहेरच्या माणसाने त्रास दिला, तरीही संस्थेने मदत करायचीच असते. ‘तो आमचा नाही’ असं कुणी तोंडी म्हटलं, तर तेच लेखी मागा. बहुतेकदा विषय तिथेच मिटतो.

मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थी यांचीही तक्रार आयोगाच्या नियमांखाली घेता येते.

वय अठराच्या आत असेल तर

अकरावी-बारावीच्या मुली वरिष्ठ महाविद्यालयाच्याच मैदानावर सराव करतात. त्यांच्यासाठी वाट वेगळी. अठरा वर्षांखालील मुला-मुलीशी लैंगिक गैरवर्तन झालं तर बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा लागू होतो आणि ज्याला ते कळलं त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं सक्तीचं आहे. ‘आधी आपली चौकशी करू, मग बघू’ ही मुभा प्राचार्यांना नाही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळूनही संस्थाप्रमुखाने कळवला नाही, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

हा नियम किती मोलाचा आहे ते अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाने दाखवलं. २००१ मध्ये फुटबॉल विभागातल्या एका सहायकाने माजी प्रशिक्षक जेरी सँडस्की याला एका लहान मुलाबरोबर न्हाणीघरात पाहिलं आणि मुख्य प्रशिक्षकाला सांगितलं. तिथून बातमी क्रीडा संचालक, उपाध्यक्ष आणि थेट विद्यापीठाच्या अध्यक्षांपर्यंत चढत गेली, पण पोलिसांपर्यंत कुणी नेली नाही. सँडस्कीला अटक झाली ती नोव्हेंबर २०११ मध्ये आणि पुढच्या वर्षी तो ४५ आरोपांत दोषी ठरला. मधली दहा वर्षं मुलांनी भोगली. त्या तिन्ही वरिष्ठांनाही पुढे बालकांना धोक्यात टाकल्याबद्दल तुरुंगवास झाला. आपल्याकडच्या ज्या क्रीडा शिक्षकांना ‘वर सांगितलं, माझं काम झालं’ असं वाटतं, त्यांनी हे लक्षात ठेवावं. मुलगी किंवा पालक स्वतः १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर फोन करू शकतात.

अर्ज कुणाच्या नावे

इथे सर्वात जास्त तक्रारी वाया जातात. मुली ‘मा. प्राचार्य’ किंवा ‘मा. संचालक, क्रीडा विभाग’ असं लिहितात, कारण रजेपासून टीए-डीएपर्यंत सगळे अर्ज त्यांच्याच नावाने जातात. मग प्राचार्य तीन प्राध्यापकांची ‘चौकशी समिती’ नेमतात, ती माफीनामा लिहून घेते आणि फाईल बंद होते. असली समिती कायद्यात बसत नाही. अर्ज ‘पीठासीन अधिकारी, अंतर्गत तक्रार समिती’ यांच्याच नावे हवा.

समिती खरी आहे का, हेही तपासा. पीठासीन अधिकारी म्हणजे समितीच्या प्रमुख, त्या वरिष्ठ महिला प्राध्यापक हव्यात. निम्म्या किंवा जास्त सदस्य महिला असाव्यात, एक सदस्य बाहेरच्या सामाजिक संस्थेचा असावा, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तीन विद्यार्थी सदस्यही लागतात. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांना समितीवर बसता येत नाही. सदस्यांची मुदत तीन वर्षांची. कित्येक ठिकाणी भिंतीवरच्या फलकावर निवृत्त झालेल्या मॅडमचं नाव असतं आणि बंद पडलेला नंबर. म्हणून समिती स्थापनेच्या चालू आदेशाची प्रत मागा. हा कागद पटकन कुणी देत नाही, पण तो मागितला की सगळे जागे होतात.

महाविद्यालयाच्या सरावात घडलं तर महाविद्यालयाची समिती, विद्यापीठाच्या संघाबरोबर घडलं तर विद्यापीठाची. अडचण मधल्या प्रकरणांची: संघ विद्यापीठाचा, व्यवस्थापक दुसऱ्या महाविद्यालयाचा, घटना तिसऱ्या गावी. मग चेंडू एका दारातून दुसऱ्या दारात फिरतो आणि तोवर मुदत सरते. अशा वेळी तोच अर्ज दोन्ही समित्यांना एकाच दिवशी द्या आणि ‘आपला अधिकार नसल्यास तसं लेखी कळवावं’ ही ओळ शेवटी घाला.

तक्रार संस्थेच्या प्रमुखाविरुद्धच असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. ती जिल्हाधिकाऱ्यांमार्फत नेमली जाते. जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात चौकशी करा.

तीन महिने कधीपासून

घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची. घटना पुन्हा पुन्हा घडल्या असतील तर शेवटच्या घटनेपासून. कार्यालयं पहिल्या घटनेपासून मोजतात आणि मुलीही तेच खरं धरतात. समजा शिबिरात ५ सप्टेंबरला त्रास झाला आणि तोच माणूस २० नोव्हेंबरपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर अश्लील संदेश पाठवत राहिला, तर मोजणी २० नोव्हेंबरपासून. म्हणून तक्रारीत घटनांच्या तारखा क्रमाने लिहा आणि शेवटची ठळक लिहा. तारीख आठवत नसेल तर ‘अमक्या सामन्याच्या आदल्या रात्री’ असं लिहिलं तरी चालतं. सामन्याचं वेळापत्रक समिती मागवू शकते.

तीन महिने उलटले तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, पण आपोआप नाही. उशीर का झाला हे वेगळ्या परिच्छेदात लिहावं लागतं. निवड चाचणी त्याच प्रशिक्षकाच्या हातात होती, परीक्षा सुरू होती, घरी सांगायची हिंमत नव्हती, ही कारणं खरी आहेत आणि लिहिण्यात लाज नाही.

सहा महिन्यांपलीकडे मात्र समितीचे हात बांधलेले असतात. कोलकात्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या एका प्राध्यापिकेची कुलगुरूंविरुद्धची तक्रार अशीच गेली. शेवटची घटना एप्रिल २०२३ ची, तक्रार डिसेंबर २०२३ ची. नंतर आपल्याला पदावरून काढलं हा छळाचाच पुढचा भाग, असं त्यांचं म्हणणं होतं. ते सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये मान्य केलं नाही. हा निकाल कुलगुरूंच्या बायोडेटात नमूद करावा, असं मात्र बजावलं. आपल्या मुलींना इथे थेट धोका आहे: छळ ऑगस्टमध्ये झाला आणि मार्चमध्ये संघातून वगळलं, तर ‘मार्चपासून मोजू’ या भरवशावर राहू नका. तक्रारीचा विचार मनात आला त्याच आठवड्यात अर्ज द्या. आणि समितीची मुदत गेली म्हणजे सगळं संपलं असंही नाही. पोलिसांकडची वाट वेगळी आहे, तिला हे तीन महिने लागू नाहीत.

पोलिसांविषयी एवढंच की घटना प्रवासात किंवा परगावी घडली असली तरी गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, भुसावळला गाडीतून उतरून रेल्वे पोलिसांकडेही. समिती आणि पोलीस दोन्हीकडे एकाच वेळी जाता येतं. मुलीला पोलिसांत जायचं असेल तर मदत करणं संस्थेचं कर्तव्य आहे.

कागद कोणते

सहा प्रती द्यायच्या असतात. सहीची एक, बाकी झेरॉक्स. सोबत असतील ते पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. आणि एक जादा प्रत, तिच्यावर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्यायचा. पोच नसलेली तक्रार म्हणजे न दिलेली तक्रार. लिपिक शिक्का देईना तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि ई-मेलही करा.

‘पुरावा काय?’ या प्रश्नाने बहुतेक मुली परत फिरतात. बंद खोलीतल्या गोष्टीचा व्हिडिओ कुणाकडे नसतो आणि कायदा तो मागतही नाही. तिचा जबाब हाच पुरावा आहे. बाकी आधार लहान लहान असतात: त्या रात्री मैत्रिणीला पाठवलेला संदेश, कॉल लॉग, संघाची यादी, रेल्वेचं तिकीट. संदेश खोडू नका, मोबाइल बदलू नका, स्क्रीनशॉटवर नंबर आणि तारीख दिसू द्या. लॉजचं रजिस्टर, दौऱ्याचा आदेश, खोल्यांची वाटणी हे मुलीने मिळवायचं नाही. समितीला साक्षीदार बोलावण्याचे आणि कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. ‘पुढील कागद संस्थेकडून मागवावेत’ अशी यादी अर्जात द्या.

अक्कलकुवा, धडगावकडच्या काही मुली पावरी किंवा भिलीत बोलतात आणि मराठीत असं काही लिहिणं त्यांना जड जातं. ज्याला लिहिता येत नाही त्याची तक्रार लिहून घ्यायला पीठासीन अधिकाऱ्यांनी मदत करायची आहे, हे कायद्यातच आहे. तिच्या शब्दांना ‘गैरवर्तन’ असा गुळगुळीत शब्द मात्र देऊ देऊ नका. काय केलं, कुठे हात लावला, काय बोलला, ते तसंच लिहिलं जाऊ द्या.

आणि घरून येणारा दबाव. ‘बोभाटा व्हवाले नको, पोरनं लगीन बाकी शे.’ पालकांची ही भीती कळते. त्यांना सांगा की तक्रारदाराचं नाव, चौकशीतला मजकूर, काहीही जाहीर करायला कायद्याने मनाई आहे. तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून मुलीला शिक्षा होत नाही. त्यासाठी ती जाणूनबुजून खोटी होती हे चौकशीत ठरावं लागतं.

तक्रार दिल्यानंतर

समिती सात दिवसांत प्रत समोरच्याला पाठवते, त्याने दहा दिवसांत उत्तर द्यायचं, चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. वकील कुणालाच आणता येत नाही. समेट फक्त मुलीनेच मागितला तर, आणि पैशांच्या बदल्यात कधीच नाही.

अंतरिम दिलासा मात्र मागावा लागतो, आणि तो मागायचं जवळपास सगळ्याजणी विसरतात. आरोपीने तक्रारदाराच्या कामाचं मूल्यमापन करू नये, तिच्यापासून दूर राहावं, परिसरात येऊ नये, असे आदेश चौकशी चालू असतानाच देता येतात. खेळाडूसाठी याचा सरळ अर्थ असा की निवड चाचणी दुसऱ्याने घ्यावी. नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणाच्या आशेवर खेळणाऱ्या मुलीला एक हंगाम बुडणं परवडत नाही. पहिल्याच अर्जात हे लिहा.

समोरच्याला पूर्ण संधी मिळते आहे ना, याकडेही लक्ष द्या. गोवा विद्यापीठाने २०१० मध्ये एका प्राध्यापकाला बडतर्फ केलं होतं. समितीने घाईने चौकशी उरकली म्हणून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि चौकशी पुन्हा करायला सांगितली. तेरा वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून, आणि ओझं तक्रारदार मुलींवर.

अहवाल आला की त्याची पूर्ण प्रत मागा, सारांश नको. मिशिगन स्टेट विद्यापीठात २०१४ मध्ये एका तरुणीने क्रीडा डॉक्टर लॅरी नासरविरुद्ध तक्रार केली. विद्यापीठाने ज्या वैद्यकीय तज्ज्ञांचं मत घेतलं ते त्याच विद्यापीठाशी जोडलेले होते, आणि त्याला निर्दोष ठरवलं. शिवाय तक्रारदाराच्या हातात एक अहवाल दिला आणि विद्यापीठाने स्वतःजवळ दुसरा ठेवला. नासरच्या उपचारांमुळे रुग्णांना विनाकारण आघात होऊ शकतो, हा इशारा त्या दुसऱ्यात होता. २०१८ मध्ये शिक्षेच्या सुनावणीत दीडशेहून अधिक महिला त्याच्याविरुद्ध बोलल्या, अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला आणि विद्यापीठाने ५० कोटी डॉलरची भरपाई मान्य केली. आपल्या कायद्यात अहवाल दोन्ही पक्षांना देण्याची तरतूद आहे. ‘गोपनीय आहे’ म्हणून तक्रारदारालाच तो नाकारता येत नाही.

निकाल पटला नाही तर आयोगाच्या नियमांप्रमाणे तीस दिवसांत अपील करायचं. कायद्यात नव्वद दिवस लिहिलेत म्हणून थांबू नका, तीसच धरा. तक्रारीनंतर संघातून नाव गेलं, हजेरी कापली, साक्ष देणाऱ्या मैत्रिणीला त्रास झाला, तर त्याचीही त्याच समितीकडे लेखी नोंद करा, तारखेसह, पोच घेऊन.