नागपूर वाळवंट का झालं नाही

मे महिन्यात कूलरच्या टाकीत पाण्याचा पाइप सोडला, की नव्या वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास खोलीभर पसरतो. आपण नुसता कूलर म्हणतो, पण दुकानात त्याचं नाव डेझर्ट कूलर, आणि ते अगदी योग्य आहे. हवा कोरडी असेल तरच ताटीतल्या पाण्याची भराभर वाफ होते आणि ती होताना हवेतली उष्णता शोषली जाते. नागपूरची मे महिन्यातली हवा तशीच असते. जूनच्या शेवटी तोच कूलर लावा, उशी दमट लागते आणि अंगाला चिकचिक सुटते. दर उन्हाळ्यात ‘नागपूरचं वाळवंट झालं’ असं आपण म्हणतो, त्याचं उत्तर या दोन महिन्यांतल्या फरकात आहे.

वाळवंट ठरतं ते उन्हावरून नाही, पाण्यावरून. वर्षाला साधारण 250 मिलिमीटरहून कमी पाऊस, असा ढोबळ हिशेब भूगोलात धरतात. हवामानशास्त्रज्ञ व्लादिमीर कोपेन यांनी 1900 साली हवामानाची वर्गवारी मांडली. तिच्यात कोरडेपणा ठरवताना पावसाची सांगड तापमानाशी घातली जाते, कारण जितकी उष्णता जास्त तितकं बाष्पीभवनही जास्त. नागपुरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पारा 45 च्या पुढे गेला तरी आपण त्या यादीत बसत नाही.

आपल्या शब्दानेही थोडा घोळ केला आहे. मराठीत वाळवंट म्हटलं की आधी आठवतं ते चंद्रभागेचं, वारकऱ्यांनी गजबजलेलं, म्हणजे चक्क नदीकाठचं. निर्जल प्रदेशाला संस्कृतात मरु म्हणतात आणि मारवाड हे नाव त्यावरूनच आलं. मरु हा शब्द अर्थाला जास्त धरून आहे, कारण जगातल्या वाळवंटांचा बराच भाग वाळूचा नाहीच. सहारा सुमारे 90 लाख चौरस किलोमीटरचा, पण त्यात वाळूच्या टेकड्यांचा वाटा साधारण चौथ्या हिश्श्याचा. बाकी सगळा खडकाळ माळ आणि गोटे.

आता नकाशा बघू. सहारा, अरबस्तान, थर, मेक्सिकोच्या उत्तरेचं सोनोरा, आफ्रिकेच्या दक्षिणेचं कलहारी, ऑस्ट्रेलियाचा मधला मुलूख, हे सगळे कर्कवृत्त आणि मकरवृत्ताच्या आसपासच्या पट्ट्यांत येतात. याचं मूळ समजायला व्यापारी वाऱ्यांचा शोध कामी आला. 1686 मध्ये एडमंड हॅली यांनी त्या वाऱ्यांचा नकाशा काढला आणि 1735 मध्ये जॉर्ज हॅडली यांनी त्यांमागचं चक्र मांडलं. विषुववृत्तावर तापलेली हवा वर चढते, तिथेच पाऊस पाडून मोकळी होते आणि 30 अंशांच्या आसपास खाली उतरते. उतरताना ती दाबली जाते, तापते, आणखी कोरडी होते. अशा हवेत ढग टिकत नाहीत. आफ्रिकेतल्या नामिब आणि दक्षिण अमेरिकेतल्या अटाकामा या वाळवंटांच्या किनाऱ्यांवर त्यात थंड सागरी प्रवाहांची भर पडते. तिथे धुकं दाटतं, पाऊस मात्र पडत नाही.

मला यात सर्वांत विलक्षण वाटतं ते नागपूरचं स्थान. नागपूर 21.1 अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि मक्का 21.4 वर. म्हणजे सूर्य दोन्ही शहरांच्या डोक्यावर जवळपास त्याच दिवसांत येतो, मेच्या शेवटी आणि जुलैच्या मध्याला. आपल्याकडे 26 मेच्या सुमारास भरदुपारी उन्हात काठी उभी केली तर सावली काठीच्या बुडाशी नाहीशी होते. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, तोही त्याच दिवसांत लागतो. मक्केत मात्र वर्षाकाठी पाऊस शंभर मिलिमीटरच्या आसपास.

ऊन तेच, तरी इतका फरक कशाने? आपल्या दक्षिणेला समुद्र आहे आणि उत्तरेला तापलेली जमीन आणि तिबेटचं पठार. उन्हाळ्यात हे सगळं मिळून समुद्रावरची ओली हवा आत ओढून घेतं. मार्क रॉडवेल आणि ब्रायन हॉस्किन्स या हवामानशास्त्रज्ञांनी 1996 मध्ये याच्याही पुढची गोष्ट दाखवली. मान्सूनच्या ढगांतून जी प्रचंड उष्णता मोकळी होते, तिच्या परिणामाने पश्चिमेकडे, सहाराच्या पूर्व भागात आणि भूमध्य समुद्राकडे, हवा खाली उतरते. आपला पावसाळा आणि तिकडचा कोरडेपणा असे एकमेकांत गुंतलेले आहेत.

ही रचना कायमची नाही. सुमारे 11 ते 5 हजार वर्षांपूर्वी सहारात गवत होतं, तळी होती. अल्जीरियातल्या तासिली इथल्या खडकांवर गाईगुरांच्या कळपांची चित्रं अजून दिसतात. पृथ्वीच्या आसाचा रोख हळूहळू बदलतो, तसा आफ्रिकेचा मान्सून दक्षिणेकडे सरला आणि कुरणं वाळली.

मेमध्ये आपल्याकडे वाळवंटाची झळ येते, ती वायव्येकडून, राजस्थानावरून येणाऱ्या कोरड्या वाऱ्यांबरोबर. तिथल्या फलोदीत 19 मे 2016 ला 51 अंशांची नोंद झाली होती. पण खऱ्या वाळवंटात रात्री कोरड्या, निरभ्र आकाशातून जमिनीची उष्णता झपाट्याने निघून जाते. आपल्या सिमेंटच्या गच्चीवर रात्री अकरालाही अनवाणी पाय ठेववत नाही.

याच कोरड्या दिवसांत काटोल-कळमेश्वरकडचे संत्रावाले मृग बहारासाठी झाडांचं पाणी तोडून त्यांना ताण देतात. पानं मलूल होतात, गळतात. मग मृगाचा पाऊस येतो आणि झाडं फुलावर येतात. जुलैच्या मध्याला सूर्य पुन्हा डोक्यावर येतो, पण सावली शोधायला ऊनच नसतं, आभाळ भरून आलेलं असतं.