गाडीचा बेल्ट कधी बदलायचा? किलोमीटर अर्धंच सांगतात

सर्व्हिसिंगला गाडी टाकली की सर्व्हिस ॲडव्हायझर बॉनेटमध्ये डोकावतो आणि म्हणतो, "सर, बेल्ट बदलून घ्या, रनिंग बरंच झालंय." मग आपण एकतर मान डोलावतो नाहीतर "पुढच्या वेळी बघू" म्हणतो, आणि दोन्ही वेळा निर्णय खरं तर खिशाने घेतलेला असतो. त्याला आधी विचारायचं ते हे, की कुठला बेल्ट? कारण बऱ्याच इंजिनांत बेल्ट दोन प्रकारचे असतात आणि दोन्हींचा हिशोब एकदम वेगळा.

बॉनेट उघडल्यावर बाजूला दिसतो तो फॅन बेल्ट. अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि काही गाड्यांत वॉटर पंप हा फिरवतो. तुटला तर बॅटरीचा लाल दिवा लागतो, एसीची हवा गरम येते, आणि वॉटर पंप त्याच्यावरच असेल तर टेंपरेचर वाढायला लागतं. लगेच गाडी बाजूला घेऊन बंद केली तर इंजिनाला सहसा काही होत नाही, टोचन करून न्यायचा खर्च आणि दिवसाची वाट लागते एवढंच. थोडक्यात हा बेल्ट बघून, आवाज ऐकून बदलला तरी चालतं.

टायमिंग बेल्टचं तसं नाही. तो कव्हरच्या आत असतो, त्याला दात असतात आणि त्याचं काम क्रँकशाफ्ट (पिस्टन फिरवतात तो दांडा) आणि कॅमशाफ्ट (वॉल्व्ह उघडणारा दांडा) एकमेकांच्या तालात ठेवायचं. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक, त्यामुळे वॉल्व्ह, म्हणजे हवा आत आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, बरोबर वेळेला उघडतात आणि पिस्टन वर यायच्या आत बाजूला होतात. आजच्या बहुतेक इंजिनांत, डिझेलमध्ये तर जवळजवळ सगळ्यांत, उघडा वॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन यांना एकाच वेळी जागा नसते, आणि बेल्ट तुटला की काही वॉल्व्ह उघडेच राहतात पण पिस्टन वर येतच राहतात. इंजिन ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेरे) असेल तर क्रँक सेकंदाला ५० फेरे मारतो, म्हणजे बेल्ट तुटल्याचं तुम्हाला कळून पाय उचलेपर्यंत अर्धा सेकंद गेला तरी काम तमाम झालेलं असतं. वॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनला खड्डे पडतात, हेड उतरवावं लागतं, आणि ते बिल नव्या बेल्टच्या कितीतरी पट येतं. शिवाय हा बेल्ट आधी कुरकुर करेलच याची काही गॅरंटी नाही, बरेचदा चालू गाडीत एकदम जातो. म्हणून इथे "बघू" चालत नाही, तारीख आणि आकडा आला की बदलायचा.

तुमच्या गाडीत हा बेल्ट आहे का, हेही आधी बघा. मारुती ८००, जुनी सँट्रो, इंडिका डिझेल, डस्टर डिझेल, पोलो डिझेल यांच्यात टायमिंग बेल्ट. स्विफ्टचं के सिरीज पेट्रोल किंवा बऱ्याच कंपन्यांनी वापरलेलं फियाटचं १.३ डिझेल, यांच्यात चेन. चेनला ठरलेली बदलायची तारीख सहसा नसते, पण ऑइल वेळेवर बदललं नाही तर तिच्या पिना झिजून ती ढिली पडते आणि सकाळी थंड इंजिनवर खडखड करते. बेल्ट आला तो मुळात चेनपेक्षा हलका, स्वस्त आणि शांत म्हणून, १९६२ च्या जर्मन ग्लास १००४ पासून. बदल्यात ठराविक काळाने त्याच्यावर खर्च करायचा, असा तो सौदा.

आता तो ठराविक काळ म्हणजे किती? इंजिनाप्रमाणे ६०,००० किलोमीटरपासून दीड लाखापर्यंत काहीही असू शकतं, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. पण तिथे बहुतेक वेळा किलोमीटरच्या बरोबर वर्षंही लिहिलेली असतात, "जे आधी होईल ते" असं, आणि लोक नेमकी वर्षं वाचत नाहीत. गाडी कमी चालते ना, मग बेल्ट नवाच असणार, हा हिशोब चुकीचा आहे. मसाल्याच्या पुडीला लावलेला रबर बँड डब्यात नुसता पडून राहिला तरी वर्षा-दोन वर्षांनी ताणला की तटकन तुटतो ना, तेच. हवेतला ऑक्सिजन रबराच्या रेणूंच्या लांब साखळ्यांशी हळूहळू जुळत राहतो, साखळ्यांमध्ये नको तेवढे नवे जोड पडतात आणि रबर कडक होतं. उष्णतेने हे आणखी जोरात चालतं, ढोबळ नियम असा की दर १० अंश सेल्सिअसला अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट. मे महिन्यात विदर्भात उन्हात उभी राहणारी आणि वर ट्रॅफिकमध्ये तापणारी गाडी असेल तर विचार करा. आत दोऱ्याही असतात, टायमिंग बेल्टमध्ये बहुतेक काचेच्या तंतूंच्या, ताण त्याच घेतात, आणि बाहेरून रबर ठणठणीत दिसलं तरी त्या दोऱ्यांचं काय झालंय ते डोळ्यांना दिसत नाही.

किलोमीटरचा आकडासुद्धा पूर्ण खरं बोलत नाही, कारण बेल्ट रस्ता मोजत नाही, इंजिनाचे फेरे मोजतो. साधा हिशोब करून बघा. हायवेवर सरासरी ६० च्या स्पीडने ६०,००० किलोमीटर जायला १००० तास लागतात, इंजिन २२०० आरपीएमला धरलं तर क्रँकचे १३ कोटी फेरे झाले. तेच अंतर हिंजवडीच्या नाहीतर घोडबंदरच्या गर्दीत सरासरी १५ ने कापलं तर ४००० तास, आणि सिग्नलला उभं राहणं वगैरे धरून १२०० आरपीएम पकडलं तरी जवळपास २९ कोटी. ओडोमीटर सारखाच, बेल्टचं काम दुपटीच्या वर, आणि बॉनेटखालची गरमी चौपट वेळ ती वेगळी. आकडे मी सोपे धरलेत पण दिशा हीच. मॅन्युअलमध्ये "सिव्हिअर कंडिशन" म्हणून वेगळा तक्ता असेल तर धूळ आणि थांबत-थांबत चालवणं त्यातच येतं, म्हणजे शहरातल्या बहुतेक गाड्यांनी खरं तर तोच तक्ता बघायला हवा.

फॅन बेल्टकडे परत येऊ, कारण तिथे एक जुनी सवय आता उलटी पडते. पूर्वी हे बेल्ट निओप्रीन नावाच्या रबराचे असायचे, म्हातारे झाले की त्यांना आडव्या भेगा पडायच्या, तीन इंचात तीन-चार भेगा दिसल्या की मेकॅनिक बेल्ट काढून फेकायचा. २००० सालाच्या आसपासपासून ईपीडीएम नावाचं रबर आलं, ते उष्णता आणि ओझोन चांगलं सहन करतं आणि जास्त टिकतं, पण त्याला भेगा फारशा पडतच नाहीत. ते टायरसारखं झिजतं. पट्ट्यांमधल्या खाचा रुंद होत जातात, पुलीचा कंगोरा खाली टेकतो, पकड सुटते आणि बेल्ट घसरतो, आणि दिसायला मात्र गुळगुळीत, छान काळाभोर. त्यामुळे "भेगा नाहीत, चालेल अजून" म्हणणाऱ्या मेकॅनिककडे खाच मोजायचा छोटा प्लॅस्टिकचा गेज आहे का ते विचारा. नसेल तर नव्या बेल्टशेजारी जुना धरला तरी फरक कळतो.

आवाजाची एक परीक्षा मला आवडते. इंजिन चालू असताना, हात आणि कपडे लांब ठेवून, बेल्टच्या खाचांच्या बाजूला थोडं पाणी स्प्रे करायचं. आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय, म्हणजे ताण कमी आहे, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) बघा. आवाज थोडा वेळ थांबून परत आला तर एखादी पुली रेषेत नाही, आणि तसं असेल तर नवा बेल्ट टाकून काही दिवसांत तोच आवाज परत येणार. हे सांगायचं कारण, आवाज आला की नुसता बेल्ट बदलून मोकळं व्हायची पद्धत आपल्याकडे फार आहे.

टायमिंग बेल्ट बदलताना टेन्शनर आणि आयडलरची (बेल्टला वाट देणाऱ्या मोकळ्या पुलीची) बेअरिंगं बरोबरच बदला, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर तोही. यात खर्च मजुरीचा मोठा, सगळं खोलायला तास न् तास जातात, आणि पंप वर्षभराने गळायला लागला तर तेच सगळं परत खोलावं लागतं. क्रँकच्या किंवा कॅमच्या सीलमधून ऑइल गळत असेल तर ते आधी थांबवा, साधं रबर ऑइलमध्ये फुगतं आणि मऊ पडतं.

काही नव्या इंजिनांत मात्र बेल्ट मुद्दाम ऑइलमध्येच चालतो, फोर्डचं १.० इकोबूस्ट आणि प्यूजो-सिट्रोएनचं १.२ प्युअरटेक ही त्यातली नावं. त्यासाठी रबर खास असतं. पण छोट्या छोट्या फेऱ्यांत थंड इंजिनात पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, रबर खराब होतं, त्याचे कण ऑइलच्या जाळीत अडकतात आणि बेल्ट तुटायच्या आधीच ऑइलचं प्रेशर पडतं. या प्युअरटेकसाठी कंपनीने युरोपात वॉरंटी १० वर्षं किंवा १,७५,००० किलोमीटरपर्यंत वाढवली. अशी गाडी असेल तर मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या नेमक्या ग्रेडचंच ऑइल, आणि तेही वेळेच्या आधी, यात काटकसर करू नका.

सेकंडहँड गाडी घेताना "बेल्ट बदललाय" या तोंडी शब्दाला काही अर्थ नाही. बिल मागा, त्यावर किटचा पार्ट नंबर आणि त्या दिवशीचं रीडिंग आहे का बघा. नुसतं "सर्व्हिसिंग, लेबर" लिहिलेलं असेल तर बेल्ट बदललेला नाही असंच धरायचं आणि किटचे, मजुरीचे पैसे सौद्यातून कापून घ्यायचे.